पस्तिसाव्या भागात कळेल

माणसं ओळखण्याची आमच्या कमलआत्यांची स्वतःची एक पद्धत आहे. समोरच्याकडे त्या नीट बघतात, हनुवटी किंचित वर करतात आणि तो कितव्या भागात उलटणार ते सांगतात.

रियाधच्या विमानतळावर आम्ही त्यांना आणायला गेलो, तर गाडीत बसायच्या आत त्यांनी तीन जणांचा निकाल लावला होता. पासपोर्टवर शिक्का मारणारा अधिकारी दिसायला कडक, पण शेवटी आपल्या बाजूने उभा राहणारा. व्हीलचेअर ढकलणारा पोरगा पहिल्यापासून इमानी, त्यामुळे मध्येच मरणारा. आणि शेजारच्या सीटवर बसून मुंबईपासून गोड बोलत आलेली, उतरताना यांची बॅगसुद्धा काढून देणारी बाई थेट विसावा भाग. "त्याच्या पुढं नाही जायची ती," आत्या म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, तिने बॅग काढून दिली ना. "तेच तर," असं म्हणून त्यांनी सीटबेल्ट कसा लावायचा ते विचारलं.

कमलआत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची, निखिलची, सख्खी आत्या. वय सत्तरीच्या आसपास, मुक्काम गडहिंग्लज, दिराच्या घरातली मागची खोली. लग्नानंतर चार-सहा वर्षांतच त्यांचे यजमान गेले. मूलबाळ नव्हतं. बाकीचा जन्म त्या एकत्र कुटुंबाच्या भाकऱ्या थापण्यात गेला. निखिलचे आईवडील आता नाहीत, म्हणून आम्ही आत्यांना फॅमिली व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. त्या कांदा-लसूण चटणी, नाचणीचं पीठ आणि चिनी राजवाडे घेऊन आल्या.

हे चिनी राजवाडे म्हणजे मालिका. जुन्या काळातल्या. त्यांत एक गरीब मुलगी राजवाड्यात धुणं धुवायला येते, तिला सगळे छळतात, खोट्या आरोपात अडकवतात, बर्फात गुडघ्यांवर बसवतात, आणि ती सगळं सोसून, सगळं लक्षात ठेवून, शेवटी राणी होते. प्रत्येक मालिकेचे साठ-सत्तर भाग असतात. चिनी नावं आत्यांच्या जिभेवर टिकत नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्यांची बारशी उरकली होती. धुणं धुणारी ती गोदा. सम्राट ते सरकार. सरकार मनाने चांगले, पण कानाचे हलके. पट्टराणी ती थोरल्या. सगळ्या कारस्थानांचं मूळ या थोरल्याच. गोदाला मुलगी झाल्यावर "तिच्याच भल्यासाठी" म्हणून ती मुलगी काढून स्वतःच्या महालात नेणाऱ्याही त्याच.

आल्यापासून आठवड्याभरात आमचं सगळं जग त्यांनी या दरबारात बसवून टाकलं. इमारतीचा हारिस, म्हणजे पहारेकरी, हा राजवाड्याचा कारभारी. त्याला सगळं ठाऊक असतं, त्याला रोज चहा द्यायचा. कोपऱ्यावरच्या बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, मल्याळी दुकानदार हा परराज्याचा वकील. निखिलचा मॅनेजर म्हणजे अर्थात सरकार. निखिल ऑफिसातून चिडून आला की त्या त्याला समोर बसवायच्या आणि म्हणायच्या, "चेहरा वाचू द्यायचा नाही." निखिलने एका मीटिंगमध्ये खरंच चेहरा वाचू दिला नाही. मॅनेजरने त्याला बाजूला घेऊन तब्येत विचारली आणि लवकर घरी पाठवलं. आत्यांनी हा विजय धरला.

इथे आता बाहेरच्या बायकांना अबाया, म्हणजे तो पायघोळ झगा, घालायची सक्ती नाही, हे आम्ही त्यांना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, सक्ती नसू दे, मला हवाय. बाजारात त्यांनी दुकानदाराला पंचवीस अबाये काढायला लावले, आणि निवडला तो सगळ्यात रुंद बाह्यांचा, काठाला रुपेरी भरतकाम असलेला. त्या बाह्या बघूनच मला कळायला हवं होतं. तो अबाया त्या बाहेर कमी आणि घरात जास्त घालायच्या. एसी अठरावर ठेवून, नऊवारीवर अबाया चढवून, हात पोटापाशी जुळवून त्या हॉलमधून स्वयंपाकघरात जायच्या. राग आला की बोलायच्या नाहीत, मालिकेतल्या राण्यांसारखा फक्त बाहीचा फटकारा मारायच्या. पहिल्या महिन्यात दोन पेले, एक ताकाचा जग आणि निखिलचा चष्मा त्या फटकाऱ्यात गेले.

आता इराबद्दल सांगायला हवं, कारण त्या दिवसांत आमच्या घरात खरी काळजी तिचीच होती.

इरा आमची मुलगी, आठवीतली. निखिलची नोकरी बदलली म्हणून आम्ही दम्मामहून रियाधला आलो, आणि तिथे रोज घसा बसेपर्यंत बोलणारी पोर इथे मुकी झाली. नव्या शाळेत मुलींचे कंपू आधीच ठरलेले होते. एका कंपूने तिला आठवडाभर आत घेतलं आणि मग व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधून काढून टाकलं. कारण काही नाही. तेव्हापासून ती आमच्याशी तीनच शब्द बोलायची: 'फाइन', 'नथिंग' आणि 'व्हॉटेव्हर'. डबा तसाच परत यायचा. इथे आठवडा रविवारी सुरू होतो, आणि दर रविवारी सकाळी तिच्या पोटात दुखायचं. डॉक्टरला काही सापडलं नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, होईल सगळं ठीक. झालं नाही.

शेवटी मी आणि निखिलने ठरवलं की हे वर्ष असंच गेलं तर तिला पुण्याला पाठवायचं. तिथे आमचा फ्लॅट बंद पडून आहे. आत्या परत जातील तेव्हा इरा त्यांच्यासोबत जाईल, आणि आत्याच तिच्याजवळ राहतील. तेरा वर्षांची पोर विमानात बसवून द्यायची, आणि मग रोज फोनवर विचारायचं, जेवलीस का. आत्यांना विचारलं, तर त्यांनी हातातली भाकरी आधी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, "बघू. पस्तिसाव्या भागात कळेल."

हे त्यांचं ठेवणीतलं उत्तर. भात शिजला का, व्हिसा वाढेल का, पाऊस कधी पडेल, सगळ्याला तेच. त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आत्यांनी इराला कामाला लावलं. आमच्या टीव्हीवर त्या मालिकेखाली इंग्रजी ओळी येतात. आत्यांचं म्हणणं, मला इंग्रजी भरभर वाचता येत नाही, तू मला मराठीत सांग. इरा म्हणाली, 'व्हॉटेव्हर'. पण आत्या हटेनात. दुपारी शाळेची बस आली की त्या दारातच अबाया घालून उभ्या असायच्या. ओळ वाचली नाही की टीव्ही थांबवायच्या. ती नीट सांगितली नाही की पुन्हा मागे न्यायच्या. सुरुवातीला इरा एवढंच म्हणायची, "ती म्हणते तिला माहीत नाही." मग आत्या विचारायच्या, कुणाला, काय, आणि ती खरं बोलते की खोटं? पंधरवड्यात आमच्या हॉलमधून असं ऐकू यायला लागलं: "थोरल्या म्हणतात, गोदा, चहात साखर कमी आहे. पण आजी, त्यांना साखरेचं नाही म्हणायचं, त्यांना म्हणायचंय की मला कळलंय तू काल कुठे होतीस."

मी स्वयंपाकघरात उभी राहून हे ऐकायची. माझ्या मुलीचं इतकं लांबलचक मराठी वाक्य मी वर्षभरात ऐकलं नव्हतं.

वाचनासोबत प्रशिक्षणही चालू होतं. कंपूची म्होरकी अन्वी वैद्य ही आत्यांच्या हिशेबात धाकटी राणी. तिला काही वाईट बोलायचं नाही, तिच्यापुढे रडायचं नाही, तिच्याकडे पाठही फिरवायची नाही. मान सरळ, हात जुळलेले, आणि चालताना घाई करायची नाही. इरा म्हणाली, आजी, शाळेत असं चाललं तर मला वेडी म्हणतील. आत्या म्हणाल्या, आत्ता काय म्हणतात? इराने मान सरळ केली. डबा रिकामा यायला लागला. पोट अजून दुखायचं, पण रविवारीच आणि थोडंच.

आणि मग तो चमच्याचा दिवस आला.

इथे मराठी मंडळी एकत्र जमायचं झालं की शहराबाहेर इस्तिराहा भाड्याने घेतात. भिंतीआड एक बैठी जागा, गालिचे, तक्के, मुलांना पोहायला तलाव. प्रत्येकीने घरून एक पदार्थ करून आणायचा. त्या दिवशी अन्वीची आई, वैद्य वहिनी, मोठं पातेलंभर अंडा करी घेऊन आल्या होत्या. इरा यायला तयार नव्हती. आत्यांनी तिला सांगितलं की गोदा मेजवानी कधी चुकवत नाही, न येणाऱ्याबद्दलच सगळे बोलतात. म्हणून ती आली आणि आत्यांच्या शेजारी मान सरळ ठेवून बसली.

आता ज्यांनी हे राजवाडे पाहिले नाहीत त्यांना सांगते. तिथे प्रत्येकजण प्रत्येकाला विष घालत असतो. म्हणून जेवणाआधी अन्नात चांदीची सुई घालतात, ती काळी पडली की विष. आत्यांकडे सुई नव्हती. त्यांच्याकडे लग्नातला चांदीचा चमचा होता, आणि तो त्या पर्समध्ये ठेवायच्या, हे मला माहीत नव्हतं. धाकट्या राणीच्या आईचं पातेलं दिसताच त्यांनी तो हळूच करीत सोडला. मग कुणीतरी गडहिंग्लजजवळच्याच एका गावची निघाली, गप्पा रंगल्या, आणि चमचा तसाच आत राहिला.

मंडळी जेवली. कुणी दोनदा वाढून घेतलं. सगळं आवरायला लागले तेव्हा आत्यांना चमचा आठवला. त्यांनी तो बाहेर काढला, टिश्यूने पुसला. चमचा काळाठिक्कर पडला होता.

आत्या ओरडल्या नाहीत. त्यांनी पातेल्यावर ताट झाकलं, चमचा सगळ्यांना दिसेल असा धरला आणि शांतपणे सांगितलं, "यात कुणी हात घालू नका."

पुढच्या पाच मिनिटांचं वर्णन करणं अवघड आहे. एका बाईने मुलाच्या तोंडात बोटं घातली. एका मोठ्या बँकेत जोखीम विभागाचे प्रमुख असलेले एक काका पोट धरून तक्क्यावर आडवे झाले आणि बायकोला विम्याची कागदपत्रं कुठे आहेत ते सांगायला लागले. वैद्य वहिनींना आधी काही कळेना, आणि कळलं तेव्हा त्या रडायलाच लागल्या. पहाटे उठून तीस अंडी सोलली होती त्यांनी. अन्वी आईजवळ उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. निखिल माझ्याकडे बघत होता आणि मी जमिनीकडे. मला वाटलं, संपलं सगळं. आता इराला या गावात कुणी उभं करणार नाही. पुण्याचं तिकीट काढायला लागणार.

तेवढ्यात इरा उठली. हात पोटापाशी जुळलेले, मान सरळ. घाई न करता ती मधोमध गेली, आत्यांच्या हातातून चमचा घेतला आणि तीस-चाळीस माणसांसमोर, मराठीत बोलली.

"अंड्यात गंधक असतं. गंधक लागलं की चांदी काळी पडते. हे विष नाहीये. मी मागेच शोधून पाहिलं होतं, पण आजीला सांगितलं नाही, कारण मग सिरियलची मजा गेली असती. काकू, करी छान आहे. मी दोनदा घेतली."

मग आडवे झालेले काका उठून बसले आणि म्हणाले, मला वाटलंच होतं. तेव्हा जो हशा पिकला तो थांबेना. वैद्य वहिनी रडता रडता हसल्या. आत्यांनी त्यांच्यापुढे दोन्ही हात जोडून माफी मागितली, आणि पातेल्यात उरलेली करी सगळ्यांसमोर खाऊन दाखवली. आणि अन्वी इराकडे बघत होती. थोड्या वेळाने ती जवळ आली आणि विचारलं, "ही तुझी खरी आजी आहे? कसली भारी आहे."

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी अन्वी आणि तिच्या दोन मैत्रिणी आमच्या घरी आल्या, आत्या बघायला. आत्यांनी अबाया घालून त्यांना दर्शन दिलं, बाहीचा फटकारा शिकवला, आणि आमचा आणखी एक पेला गेला. त्यानंतर इरा अन्वीकडे गेली. मग दुसऱ्या मैत्रिणीकडे. मग चौघी मेट्रोने फिरायला गेल्या. एका रविवारी तिचं पोट दुखलं नाही, आणि हे आमच्या लक्षात यायला सोमवार उजाडला. निखिलने आत्यांचं परतीचं तिकीट काढलं ते एकाच माणसाचं. मी त्या रात्री किती दिवसांनी शांत झोपले.

आत्यांना मी तिकिटाचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं." आणि चटणी किती उरली ते बघायला आत गेल्या.

त्या जायच्या आधीच्या आठवड्यात मी एकदा लॅपटॉपचा चार्जर विसरले म्हणून दुपारीच घरी परत आले. दार उघडलं तर हॉलमध्ये आत्या गवार निवडत बसल्या होत्या. अबाया घातलेला. समोर पाण्याच्या जगाला टेकवून मोबाइल उभा केलेला. त्यावर गोदा बर्फात बसली होती आणि थोरल्या तिला बोलत होत्या, चक्क हिंदीत. आणि थोरल्यांनी तोंड उघडायच्या आधीच आत्या ते वाक्य पुटपुटत होत्या.

मी विचारलं, हे हिंदीत मिळतं?

"मिळतं की," आत्या म्हणाल्या. "गडहिंग्लजला मी हिंदीतच बघितलं. दोनदा झालं बघून."

मी चार्जर विसरून खाली बसले. म्हटलं, मग इराकडून एवढं इंग्रजी का वाचून घेत होतात?

"पोरगी बोलत नव्हती ना. बोल म्हटलं की कुणी बोलतं का? वाच म्हटलं की वाचतं माणूस." त्यांनी एक शेंग मोडली. "मी लग्न होऊन त्या घरात गेले, तर मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त बोलायचे नाहीत. पीठ मळ, भांडी घास, एवढंच. हे गेल्यावर तर तेही कमी झालं. चेहरा वाचू द्यायचा नाही, हे काय मला सिरियलनं शिकवलंय व्हय?"

मी मूठभर शेंगा पुढे ओढल्या. मग जे मनात आलं ते विचारलं. पुण्याला इरा तुमच्याजवळ राहिली असती, ते तुम्हाला नको होतं का?

आत्यांनी मोबाइल पालथा घातला.

"आवडलं असतं. खोटं कशाला बोलू? मी मनात पडदेसुद्धा लावले होते त्या घराला. निळे." त्यांनी पुढची शेंग उचलली. "पण तिच्याच भल्यासाठी म्हणून पोर आईपासून तोडायची आणि आपला महाल मांडायचा, मग माझ्यात आणि थोरल्यांत काय फरक गं?"

माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, आत्या, मी पुण्याची किल्ली देते. तुम्ही राहा तिथे. तुमचंच घर समजा.

"रिकाम्या घरात कुणाशी बोलू?" आत्या म्हणाल्या. "तिकडं निदान कामं तरी सांगतात."

हे त्या चिडून बोलल्या नाहीत, रडूनही नाही. भाजी किती लागेल ते सांगावं तसं बोलल्या. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की दोन्ही एकदमच. मी ऑफिसला कळवून टाकलं की आज परत येत नाही, उद्याही दुपारनंतर नसेन. मग त्यांच्या शेजारी सोफ्यावर पाय वर घेऊन बसले आणि म्हटलं, पहिल्यापासून लावा.

आत्यांनी गवारीची परडी बाजूला ठेवली. मोबाइल बंद केला, रिमोट घेतला आणि टीव्हीवर पहिला भाग लावला. खाली इंग्रजी ओळी यायला लागल्या. मी म्हटलं, अहो, हिंदी लावा की, दोघींनाही कळतं.

आत्यांनी हनुवटी जराही हलवली नाही.

"मला इंग्रजी भरभर वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "तू वाच."

मी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागले.